दोन इंच माया

मास्तरांच्या दुकानात फोन वाजला की आधी शिलाई मशीन थांबायचं. मग मास्तर ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक काढून गादीत खोचायचे, चष्मा पुसायचे, घसा खाकरायचे. एवढी तयारी होईपर्यंत त्यांच्या लेकीने फोन उचललेला असायचा.

"द्या बाबा इकडे. तुम्ही नुसतं 'येस येस' कराल आणि ठेवून द्याल."

लेकीचं घरातलं नाव रिळी. रांगायच्या वयात ती दोऱ्याच्या रिळामागे दुकानभर फिरायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. आता ती चांगली शिकलीसवरलेली, बापापेक्षा सफाईने कापड बेतणारी मुलगी होती, पण दुकानात अजून रिळीच.

दुकान एका मोठ्या बाजार-इमारतीच्या जिन्याखाली होतं. नवे कपडे इथे शिवले जात नसत. शिवलेले कपडे माणसाच्या मापात बसवायचे, एवढंच काम. मास्तर बेतायचे, उसवायचे, शिवायचे. त्यांची बायको काजं-बटणं आणि अस्तर बघायची. आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम रिळीचं. गिऱ्हाईक दहा मुलखांतलं, दहा भाषांचं. सगळ्यांची मिळून एकच सामायिक भाषा होती, ती म्हणजे इंग्रजी, आणि नेमकी तीच मास्तरांच्या हाताला लागत नव्हती.

तसं मास्तरांना इंग्रजी अगदीच येत नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. झिप, बटण, कॉलर, कफ, लायनिंग, टुमॉरो, रेडी हे सगळे त्यांच्या घरचे शब्द. कपड्याच्या आत जी धुण्याची चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावरचं 'डू नॉट ब्लीच', 'डू नॉट आयर्न' ते चष्म्याशिवाय वाचायचे. घोडं अडायचं ते बारक्या शब्दांपाशी. 'टेक' म्हणजे घेणे, हे पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच्यामागे 'इन' लागलं की कंबर आवळायची, 'अप' लागलं की उंची कमी करायची आणि 'ऑफ' लागलं की कपडा अंगातून काढायचा! शेपूट बदललं की प्राणीच बदलला. गिऱ्हाईक समोर असलं तर अडचण नसे. खडू आणि टाचण्या सगळं बोलून घ्यायच्या. फोनवर मात्र टाचणी लावता येत नाही.

अशी घरं तुम्ही-आम्ही पाहिलेली आहेत. कदाचित आपलंच असेल. घरात एकजण भाषेचा मालक होतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, कारण काम तर भागत असतं. मास्तरांचंही भागत होतं.

एके दिवशी दुपारी रिळी कपडे घालून बघायच्या पडद्यामागे मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. तिथे आवाज बाहेर जात नाही, असा तिचा समज होता.

"नाही गं, नाही जाणार. नाटकाच्या एवढ्या मोठ्या थिएटरचा पोशाख विभाग, काम तर स्वप्नातलंच आहे. पण बाबांचा फोन कोण उचलणार? त्यांना नाही जमायचं माझ्याशिवाय. बघू, पुढच्या वर्षी परत विचारलं तर."

मास्तरांची सुई चालता चालता थांबली. पोरीला दुसऱ्या शहरात काम मिळालंय, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. आणि ती ते सोडणार होती. पैशासाठी नाही, दुखण्यासाठी नाही, तर बापाच्या 'येस येस'साठी! मास्तरांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी तोच टाका दोनदा घातला.

बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी मनाशी ठरवलं, की पोरीला दाखवूनच द्यायचं. दुसऱ्या दिवशी तिला झिपा आणायला पिटाळलं आणि फोन आपल्या मशीनवर ठेवून घेतला.

त्याच सकाळी एक बाई घाईघाईने आल्या. वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायच्या, म्हणून दुकानात त्यांना व्हायोलिनबाईच म्हणत. काळा लांब स्कर्ट मास्तरांच्या हातात ठेवून, "निरोप पाठवते," अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्या तालमीला पळाल्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाजातला निरोप आला. मास्तरांनी फोन कानाला लावून तो पुन्हा पुन्हा ऐकला.

बाई म्हणत होत्या, "मास्टर, प्लीज लेट द स्कर्ट डाउन टू इंचेस. कॉन्सर्ट इज ऑन फ्रायडे, आय अॅम काउंटिंग ऑन यू. प्लीज डू नॉट लेट मी डाउन."

पहिलं वाक्य मास्तरांनी चक्क सोडवलं. लेट म्हणजे सोड, डाउन म्हणजे खाली. दोन इंच खाली सोड! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं. मग ते 'काउंटिंग'. काउंट म्हणजे मोजणे. त्यांनी स्कर्टचे हूक मोजले. सगळे जागच्या जागी होते. आणि मग आलं शेवटचं वाक्य, 'डू नॉट'. हा शब्द तर त्यांच्या रोजच्या बैठकीतला. डू नॉट ब्लीच, डू नॉट आयर्न, तसं डू नॉट लेट डाउन. खाली सोडू नका!

"बाईंचा विचार बदललेला दिसतोय," मास्तर म्हणाले. "आधी सोडा म्हणाल्या, मग नको म्हणाल्या."

"अहो, मग एकदा विचारून घ्या की," बायको म्हणाली.

"आणि विचारलं तर कळेल ना, मला येत नाही ते. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाइकाचा शेवटचा शब्द खरा धरायचा."

त्यांनी निरोपाला उत्तर पाठवलं, 'येस येस', आणि स्कर्टला कडक इस्त्री करून हँगरला लावून ठेवला.

शुक्रवारी दुपारी व्हायोलिनबाई आल्या तेव्हा दुकान भरलेलं होतं. रिळी होती, बायको होती, आणि कोटाचं फाटलेलं अस्तर बदलून घ्यायला मास्तरांच्या थोरल्या बहीण आलेल्या होत्या. या आत्याबाई एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले, आता निवृत्त होऊन लोकांची तोंडं बंद करायच्या, असं मास्तर म्हणत; अर्थात त्या नसताना.

बाईंनी स्कर्ट कंबरेला लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"मास्टर, यू डिडन्ट लेट इट डाउन!"

मास्तर ताठ उभे राहिले. लेकीकडे एक नजर टाकून, छातीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "येस येस! आय डिड नॉट लेट यू डाउन!"

मग रिळीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने फोन घेऊन निरोप ऐकला आणि ती हसत सुटली. मशीनला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो बाबा, त्याचा अर्थ 'मला तोंडघशी पाडू नका' असा होतो! 'तुमच्यावर भिस्त आहे' म्हणाल्या त्या, आणि तुम्ही काय मोजलंत? हूक?"

रांगेतल्या दोघातिघांनाही हसू आवरेना. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाईंच्या हातून स्कर्ट अलगद घेतला, खाली बसले आणि दुमडीची शिवण उसवायला लागले. कान लाल झाले होते. ज्या लेकीला 'तू निर्धास्त जा' म्हणून दाखवायचं, तिच्याच समोर हे असं झालं होतं. आता ती कसली जातेय, हा एकच विचार त्यांच्या मनात फिरत होता.

"झालं हसून?" आत्याबाईंनी विचारलं.

रिळीने डोळे पुसले.

"आता मला एक सांग. राग आला की माणूस अंगावर येतो. उद्योग फसला की तो अंगाशी येतो. आणि तुझ्या बापासारखा हट्टाला पेटला की अंगात येतं. 'येणं' एकच ना? मग असं कसं?"

"असं कसं म्हणजे? तसंच असतं ते, आत्या."

"कुठल्या नियमाने?"

रिळीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"कोट अंगाला बसतो, पोर डोक्यावर बसते, घसा बसतो, धक्का बसतो, आणि आता तू गप्प बसलीस. हे तुला कुणी शिकवलं? कुणी नाही. चुकत चुकत शिकलीस. लहानपणी तू 'मला भूक पडली' म्हणायचीस. हा तुझा बाप तेव्हा हसला नव्हता. 'पडली का? चल, उचलू या' म्हणून तुला जेवायला न्यायचा."

मास्तरांची मान खालीच होती, पण हात जरा हळू झाले.

आत्याबाई मग मास्तरांकडे वळल्या. "आणि तू रे! तुझं पण चुकलंच. न कळणं हा गुन्हा नाही, न कळता 'येस येस' म्हणणं हा गुन्हा आहे. मी नोकरीला लागले तेव्हा साहेब म्हणाले 'हँग ऑन', म्हणजे जरा थांब, मी ऐकलं 'हँग अप', आणि दिला फोन ठेवून. पलीकडे त्यांचे साहेब होते. त्या दिवसापासून एक वाक्य पाठ केलं, 'से इट अगेन, प्लीज'. नोकरी त्या वाक्यावर झाली माझी. बाकीचं इंग्रजी त्याच्या मागोमाग आलं."

एवढं बोलून त्यांनी झाला प्रकार व्हायोलिनबाईंना इंग्रजीतून समजावून सांगितला. बाईंनी तोंडावर हात नेला, पण हसल्या नाहीत. स्टूल ओढून मास्तरांजवळ बसल्या आणि सावकाश बोलायला लागल्या. इंग्रजी ही त्यांचीही भाषा नव्हती. या शहरात नव्या आल्या तेव्हा तालमीत संचालक त्यांना म्हणाले, 'पिक इट अप'. म्हणजे वेग वाढवा. बाई वाकून जमिनीवर काय पडलंय ते शोधत बसल्या. सगळा वाद्यवृंद हसला. पुढे कितीतरी दिवस त्या तालमीला येत, वाजवत आणि एक शब्दही न बोलता घरी जात.

रिळीने हे ऐकलं आणि तिची मान खाली गेली. बाबा फोन उचलायला एवढा वेळ का लावतात, हे तिला आत्ता कळत होतं. चष्मा पुसणं, घसा खाकरणं, ते सगळं म्हणजे वाट बघणं होतं, कुणीतरी येऊन फोन घेईल याची. आणि दरवेळी ती हसून फोन घेत आली होती.

"टू इंचेस," मास्तर तेवढ्यात म्हणाले. त्यांनी उसवलेली दुमड टेपवर धरली होती. "आहे. माया आहे आत."

रांगेतल्या एका पोरसवदा गिऱ्हाइकाला हा शब्द कळला नाही. मास्तरांच्या बायकोने सांगितलं, "शिवणीच्या आत जादा कापड राखून ठेवतात ना, त्याला माया म्हणतात. उद्या अंग वाढलं, माप चुकलं, तर सोडता यावं म्हणून."

"बघ," आत्याबाई रिळीला म्हणाल्या, "ज्याने हा स्कर्ट पहिल्यांदा शिवला, त्याने चुकीला जागा ठेवली होती, म्हणून आज ही बाई वेळेवर वाजवायला जाणार. कापडात एवढी माया ठेवतो आपण. शिकणाऱ्या माणसासाठी नको का ठेवायला?"

मास्तरांनी नवी दुमड घातली, रिळीने न सांगता इस्त्री तापवली, आणि व्हायोलिनबाई दोन इंच लांब झालेला स्कर्ट घेऊन हसतमुखाने गेल्या.

त्या गेल्यावर रिळी बापाजवळ येऊन उभी राहिली. "बाबा, चुकलं माझं."

"माझं पण," मास्तर म्हणाले. "तू पडद्यामागे बोललीस ते ऐकलं मी. तू जायचं. फोन मी उचलणार."

"पण बाबा..."

"शिकव मला. एवढंच कर."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात शाळा भरली. आत्याबाई मुख्याध्यापक, रिळी मास्तरीण आणि मास्तर विद्यार्थी. पुस्तक आणायचा रिळीचा विचार आत्याबाईंनी मोडून काढला. "मी स्विचबोर्डावर शिकले, हा मशीनवर शिकेल. जे हातात आहे तेच तोंडात."

आणि खरोखर, मास्तरांच्या हाताला हे सगळं आधीच येत होतं! कंबर आत घ्यायची, तर ते 'टेक इन'. शिवण सोडायची, तर 'लेट आउट'. उंची वर घ्यायची, तर 'टेक अप'. हात करायचा आणि तोंड मागोमाग जायचं. इस्त्री लावताना 'टर्न ऑन', बंद करताना 'टर्न ऑफ'. गिऱ्हाईक कपडा टाकून जातं ते 'ड्रॉप ऑफ', न्यायला येतं ते 'पिक अप'. पांढरा दोरा संपला तेव्हा मास्तर आपणहून म्हणाले, "रन आउट," आणि बायको दचकून म्हणाली, "कोण पळालं?" त्यावर मास्तरच आधी हसले, म्हणून मग सगळे हसले. नियमच तसा होता. ज्याची चूक, त्याने आधी हसायचं.

दुसरा नियम आत्याबाईंचा. शिकलेला शब्द त्याच दिवशी खऱ्या गिऱ्हाइकावर वापरायचा, नाहीतर चहा नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइकांना गरज नसताना 'प्लीज ट्राय ऑन' ऐकावं लागलं. एक गृहस्थ तर नुसते वेळ विचारायला आले होते, ते कोट घालून बघून गेले.

'हँग अप'वरून मात्र वाद झाला. मास्तर म्हणाले, याचा अर्थ कोट हँगरला टांगणे. आत्याबाई म्हणाल्या, फोन ठेवणे. शेवटी दोन्ही बरोबर निघालं आणि दोघं भावंडं जरा नाराज झाली.

मग तो फोन आला. रिळीची थिएटरला उत्तर द्यायची वेळ अगदी तोंडावर आली होती. तिने सवयीने हात पुढे केला आणि मागे घेऊन पाठीशी बांधला. मास्तरांनी टाचण्या काढल्या. चष्मा पुसला नाही. फोन उचलला.

पलीकडून एक पुरुष भराभर बोलला. रिळीने ओठ दाबून धरले.

"से इट अगेन, प्लीज," मास्तर म्हणाले. "स्लो."

पलीकडचा माणूस सावकाश बोलला. त्यात काही बिघडलं नाही, आकाश कोसळलं नाही.

"टेक इन द वेस्ट," मास्तर म्हणाले. "येस. हाउ मच? वन इंच. लेंथ... टेक अप? नो? ओके. लेंथ सेम. यू ड्रॉप ऑफ टुमॉरो. थँक्यू." आणि जरा थांबून, बहिणीकडे बघत, "आय हँग अप नाऊ."

आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि डोळ्यात दोरा गेला म्हणून सांगितलं. रिळीने त्याच संध्याकाळी थिएटरला होकार कळवला.

ती गेल्यावर दुकान काही दिवस मोकळं मोकळं वाटलं. पण फोन वाजत राहिला आणि मास्तर उचलत राहिले. चुका होत होत्या. चूक झाली की विचारायचं, उसवायचं, परत शिवायचं. मास्तरांच्या धंद्यात यात नवं काहीच नव्हतं. उलट गिऱ्हाइकं आता जास्त वेळ थांबू लागली, कारण या दुकानात आपलंही मोडकं इंग्रजी चालतं, हे त्यांना कळलं होतं.

वाचकहो, भाषा ही कुणाच्या कपाळावर लावायची पदवी नाही. ती कात्रीसारखी कामाची वस्तू आहे. वापरली की धार येते, झाकून ठेवली की गंजते. ज्याला येत नाही त्याने 'येस येस'च्या मागे लपू नये, आणि ज्याला येते त्याने हसून दुसऱ्याचं तोंड शिवू नये. आपल्याच घरात, आपल्याच कचेरीत कुणीतरी एखादा शब्द जुळवत असतं. त्याच्यासाठी आपण दोन इंच माया राखून ठेवली आहे का, एवढं ज्याने त्याने बघावं.

परवा व्हायोलिनबाई नवा झगा घेऊन आल्या होत्या. मास्तर त्याला टाचण्या लावत असताना रिळीचा निरोप आला. ती रोज एक ओळ इंग्रजीत लिहायची, बाबांना सराव म्हणून. त्या दिवशी लिहिलं होतं, बाबा, इथे सगळ्यांनी विचारलं की बेतायला कुणी शिकवलं. आणि खाली इंग्रजीत, 'आय लुक अप टु यू.'

मास्तरांनी ते वाचलं. लुक म्हणजे बघणे. अप म्हणजे वर. त्यांनी वर बघितलं. वर जिन्याची खालची बाजू आणि एक दिवा होता. पूर्वीचे मास्तर असते तर 'येस येस' पाठवून मोकळे झाले असते. त्यांनी फोन सरळ व्हायोलिनबाईंपुढे धरला.

"मॅडम, धिस... व्हॉट?"

बाईंनी वाचलं आणि विचारलं, "युअर डॉटर?" मग त्यांनी हात उंच नेला, जणू तिथे कुणी मोठं माणूस उभं आहे. मान वर करून तिकडे पाहिलं, आणि तोच हात आपल्या काळजावर ठेवला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "शी रिस्पेक्ट्स यू. शी वाँट्स टु बी लाइक यू."

मास्तरांना पहिल्या झटक्यातच सगळं समजलं होतं. तरी त्यांनी चष्मा काढला, पुसला, घसा खाकरला आणि म्हणाले, "से इट अगेन, प्लीज."